टॅक्सीची गरज मोजायला गेलो तेव्हा

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांना टॅक्सीची गरज आहे की नाही, हे ठरवायला सरकारने मला पाठवलं होतं. तोवर मी स्वतः टॅक्सीत एकदाही बसलेलो नव्हतो. हे ऑफिसात मला कुणी विचारलं नाही, आणि आपण होऊन सांगायला मी काही खुळा नव्हतो.

लढाई संपून वर्ष झालं असेल. पेट्रोल अजून कुपनावर मिळत होतं. मी तेवीस वर्षांचा, मॅट्रिक पास, मोटारींचे परवाने देणाऱ्या ऑफिसात हंगामी कारकून. हंगामी म्हणजे साहेब नुसते खाकरले तरी जो खुर्चीतून उठून उभा राहतो तो. वर्षअखेरीला साहेब शेरा लिहिणार आणि त्यावर मी कायम होणार की घरी बसणार ते ठरणार, अशी एकूण परिस्थिती होती.

लष्करातून सुटून आलेल्या ड्रायव्हर लोकांचे तेव्हा ढिगाने अर्ज यायचे. साहेबांचं म्हणणं असं, की परवाना द्यायचा तो अर्जदाराची गरज बघून नाही, प्रवाशांची गरज बघून. टॅक्सी लागतेच आहे असं आकड्यांनी सिद्ध झालं तर द्यायचा, नाहीतर नाही. म्हणणं वाजवीच होतं. फक्त ते आकडे आणायला कुणीतरी उन्हात जायला हवं होतं, आणि ऑफिसातले कायम लोक सगळे त्याच आठवड्यात आजारी पडले.

कर्जतहून अर्ज एकच होता. अर्जदार भिसेगावचा. पाच वर्षं ब्रह्मदेशाच्या बाजूला जखमी सैनिकांची गाडी चालवून आलेला. लष्कराच्या लिलावातून त्याने एक जुनी मोटार घेतली होती आणि ती घरामागे गवताच्या छपराखाली उभी होती. परवाना नाही म्हणून भाडं घ्यायची सोय नाही, आणि परवाना नाही म्हणून पेट्रोलची कुपनं नाहीत. परवाना मिळाला तर तो घरी राहून धंदा करणार होता. नाही मिळाला तर मोटार विकून मुंबईला कुणा शेठच्या गाडीवर जाणार होता. हे मला कसं ठाऊक? त्याने अर्जाच्या तळाशी, सहीच्याही खाली, स्वतःच लिहिलं होतं: ‘आई म्हातारी आहे. पुन्हा लांब जाऊ नको म्हणते.’ आमच्या हेडक्लार्कनी त्या ओळीखाली लाल रेघ मारून शेजारी लिहिलं, ‘अप्रस्तुत’.

अर्जावर हरकत होती स्टेशनवरच्या टांगेवाल्यांची. तीही थोडक्यात होती. इकडची माणसं कुठे जात-येत नाहीत, आमचे घोडेच उभे राहून राहून सुजले, टॅक्सी कुणासाठी? खाली अंगठे.

मला एक छापील तक्ता दिला गेला. रकाने चार: वेळ, निघण्याचं ठिकाण, जाण्याचं ठिकाण, टॅक्सी मिळाल्यास वापराल काय. तीन दिवस रस्त्यावर उभं राहायचं, येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचं आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळच्या टपालाने तक्ता पाठवायचा. अर्जदाराचा किंवा हरकतदाराचा पाहुणचार घ्यायचा नाही, ही तोंडी सूचना.

कर्जत स्टेशनावर उतरलो तर अर्जदार समोर उभा. खाकी सदरा, पायात लष्करी बूट, हात पँटच्या शिवणीला लावलेले. त्याने नमस्कार केला आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी तिथल्या तिथे त्याला अडवलं. म्हटलं, “हे बघा, माझं काम संपेपर्यंत तुम्ही माझ्याशी एक अक्षर बोलायचं नाही. काही झालं तरी नाही. समजलं?”

तो म्हणाला, “समजलं साहेब.”

आयुष्यात पहिल्यांदाच मला कुणीतरी साहेब म्हणालं होतं. मला फार बरं वाटलं.

टांगेवाल्यांचा म्होरक्या वयस्क होता, पांढऱ्या मिशांचा, बोलायला गूळ. त्याचा टांगा मी नाकारला, पण त्याने हसत हसत मला स्टेशनबाहेरचा नाका दाखवला. “हितं हुबं ऱ्हा साहेब. गावातून निगाला की परतेक मानूस हितूनच निगतो. आनि जो निगंल त्याला आदी इचारा, कुठं. त्यो तुमचा मेन प्रश्न हाय.” सरकारी तक्त्याची त्याला एवढी जाण असावी याचं मला कौतुकच वाटलं. त्याने रस्त्याच्या मोरीच्या कठड्यावर माझ्यासाठी पोतंसुद्धा अंथरून दिलं. पोतं म्हणजे पाहुणचार नव्हे असा मी निर्णय केला.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते एक शेतकरी आणि त्याची बायको. तिच्या अंगावर ठेवणीतलं लुगडं, त्याच्या डोक्यावर धुतलेलं मुंडासं, हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी. मी पुढे झालो, पेन्सिल सरसावली आणि विचारलं, “कुठे निघालात?”

नवरा जागच्या जागी थांबला. बायकोने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी तिच्या लुगड्यावर शाईच सांडली होती. तो म्हणाला, “हितंच.” मग त्याने पायातल्या वहाणा काढल्या, झटकल्या, पुन्हा घातल्या आणि कठड्यावर जाऊन बसला. बायको त्याच्या शेजारी बसली, माझ्याकडे पाठ करून. पाचदहा मिनिटांनी दोघं उठली आणि गावात परत गेली.

मी तक्त्यात लिहिलं: जाण्याचं ठिकाण, इथेच. टॅक्सी, नको.

पुढची बैलगाडी. गाडीत चारपाच माणसं, फेटे बांधलेली, मुलगी बघायला निघाल्यासारखी. “कुठे निघालात मंडळी?” गाडीवानाने कासरा ओढला. आतला म्हातारा कळवळून म्हणाला, “अरं देवा!” आणि गाडीच वळवली. मी मागून ओरडून विचारलं, टॅक्सी असती तर वापरली असती का. उत्तर ऐकू आलं ते तक्त्यात लिहिण्याजोगं नव्हतं.

दुपारपर्यंत कठड्यावर बसायला जागा उरली नाही. माणसं यायची, मी विचारायचो, माणसं “हितंच” म्हणायची आणि बसायची. कुणी पाणी प्यायला परत जायचं, कुणी नुसतंच जायचं. नाक्यापुढच्या मैलाच्या दगडाच्या पुढे जाईल तोच प्रवासी धरायचा असा नियम होता, आणि दगडापुढे कुणीच जात नव्हतं. रस्त्याच्या पलीकडे चिंचेखाली अर्जदार उभा होता. प्रत्येक माणूस माघारी फिरला की त्याचा एक पाय पुढे यायचा. मी त्याच्याकडे नजर टाकली की तो पाय मागे जायचा. मला वाटलं, उभं राहून राहून पाय दुखत असतील बिचाऱ्याचे.

पहिल्या दिवसाच्या शेऱ्यात मी लिहिलं: ‘येथील लोक नटूनथटून रस्त्यापर्यंत येतात, परंतु पुढे जात नाहीत. कारण समजून येत नाही.’ हे वाक्य आजही माझ्या हस्ताक्षरात कुठेतरी सरकारी फायलीत असेल.

दुसरा दिवस खालापूरचा. खोपोलीपर्यंत आगगाडीने गेलो. पुढे वाहन काही मिळेना म्हणून मैलच्या मैल पायी गेलो, घामाघूम झालो, पायाला फोड आले. पण मोजणारा माणूस मोजणीत धरत नाहीत, तेव्हा त्याचा तक्त्याशी संबंध नव्हता. मामलेदार कचेरीच्या दाराशी उभा राहिलो. तारखांना आलेली माणसं बाहेर पडत होती. प्रत्येकाला विचारलं, कुठे जाणार. एक जण पुन्हा कचेरीत शिरला. दोघे मागच्या कुंपणातून शेतात उतरले. थोड्या वेळाने शिपाई येऊन म्हणाला की मी दारात उभा आहे तोवर माणसं बाहेरच पडत नाहीत, आतमध्ये दाटी झाली आहे, तर कृपा करून मी पलीकडे व्हावं. मी पलीकडे झालो. खालापूर: शून्य.

तिसऱ्या दिवशी कर्जतच्या नाक्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. माझी कीर्ती पसरली होती. लांब, नदीच्या कडेने, शेताच्या बांधांवरून माणसांची रांग चाललेली दिसत होती, डोक्यावर बोचकी, कडेवर पोरं. पण ती रस्त्यावर नव्हती. मला रस्ता मोजायला सांगितलं होतं, बांध नाही. संध्याकाळी बेरीज केली. शून्य अधिक शून्य अधिक शून्य. दोनदा तपासली. तक्ता पाकिटात घातला आणि टपालात टाकला. पांढऱ्या मिशांचा म्होरक्या स्वतः टपालपेटीपर्यंत माझ्याबरोबर आला होता.

चौथ्या दिवशी सकाळी मी परतीच्या गाडीची वाट बघत स्टेशनबाहेर उभा होतो. एक म्हातारी तरातरा चालत आली. कासोटा घातलेली, काटक, हातात कोयता. गवत कापता कापता उठून आली असावी, पण तेव्हा मला तसं वाटलं नाही.

“तूच का रं त्यो मोजनारा?”

मी म्हटलं, “हो. आपण कोण?”

“ज्याला तू बोलू नको म्हनलास ना, त्याची आय. त्याला बोलू नको म्हनलास, मला नाय म्हनलास. आता ऐक. निगाल्या मानसाला ‘कुठं’ म्हनून इचारतात का रं? तुज्या घरात कुनी शिकवलं नाय? कुठं इचारलं का काम व्हतंय का? मानूस बसनारच. मागं फिरनारच. तीन दीस तू सगल्या गावाचा पाय मोडलास आनि वर लिवतोस, कुनी जात नाय!”

मी कपाळाला हात लावला. कारण मला शिकवलं होतं. आमच्या घरात कुणी बाहेर निघालं की ‘कुठे’ हा शब्द काढायची बिशाद नव्हती. मॅट्रिकच्या परीक्षेला निघालो तेव्हा शेजारच्या काकूंनी कुठे रे म्हणून विचारलं, तर मी स्वतः घरात परत येऊन, पाटावर बसून, गूळपाणी घेऊन मग निघालो होतो, आणि आठ दिवस काकूंशी बोललो नव्हतो. हे सगळं मला माहीत होतं. पण हातात सरकारी तक्ता होता, आणि तक्त्यात तो प्रश्न छापलेला होता, आणि छापलेल्याला अपशकुन लागत नाही असं मी न ठरवताच धरून चाललो होतो. गाढव होतो, दुसरं काय.

“मग विचारायचं कसं?” मी म्हटलं. आवाज माझाच होता, पण बारीक झालेला.

“जाताना नको इचारू. येताना इचार. काम करून आल्याला मानूस हवं तेवडं बोलतो.” मग तिचा स्वर एकदम खाली आला. कोयता तिने पदराखाली घेतला. “पाच वर्सं वाट बगितली बाबा. रोज वाटायचं, आज तार येनार. आता आलाय तर घरात ऱ्हाऊ दे. मी काय लई मागत नाय.”

मी गाडी सोडली. तिला रागाने ‘तू मला काय शिकवतेस’ म्हणणार होतो, तेही राहिलं.

त्या दिवशी दुपारनंतर नाक्यावर बसलो, आणि दुसऱ्या दिवशी खालापूरच्या रस्त्यावर. जाणाऱ्यांकडे बघायचंसुद्धा नाही असं ठरवलं. येणाऱ्यांना पाणी विचारायचं आणि म्हणायचं, “काय, झालं का काम?” बस्स. एवढ्यावर लोक आपणहून सगळं सांगायला लागले. कुणी पनवेलहून आला होता, निम्मी वाट पायी. कुणी मामलेदारापुढे उभं राहायला तीनदा गेला होता आणि तिन्ही वेळा कचेरी बंद व्हायच्या वेळेला पोचला होता. कोंडाण्याच्या बाजूच्या डोंगरातल्या वाडीवरचे चार जण तापाने फणफणलेल्या एका माणसाला झोळीत घालून दवाखान्यात नेऊन परत आणत होते. मी त्यांना विचारलं, टॅक्सी असती तर? त्यांनी आपसात त्यांच्या बोलीत काही विचार केला आणि एकाने सांगितलं की वाडीवर मोटार चढणार नाही, तिथून आम्ही खांद्यावर आणू, पण खाली रस्त्याला मोटार भेटली असती तर ह्याला बसवला असता. तक्त्यात अर्धा होकार लिहायची सोय नव्हती. मी मार्जिनमध्ये लिहिलं. डोक्यावर रिकाम्या पाट्या घेऊन परतणाऱ्या बायकांनी सरळ सांगितलं, “नको रं बाबा, आमाला पाय हायेत.” तेही लिहिलं. तीन पानं भरली. बेरीज एवढी झाली की टांगेवाले आणि टॅक्सी मिळूनही पुरे पडले नसते.

चिंचेखालचा अर्जदार अजूनही माझ्याशी बोलत नव्हता. शेवटी मीच गेलो आणि चिडून म्हटलं, “अहो, तुम्हाला सगळं कळत होतं तर बोलला का नाहीत?”

“तुमीच नको म्हनालात साहेब. काय झालं तरी नको, असं म्हनालात.”

पाच वर्षं त्या माणसाने हुकूम पाळले होते, आणि त्यामुळे जिवंत राहिला होता. 

दुसरा तक्ता मी स्वतः घेऊन ऑफिसात गेलो. हेडक्लार्कनी पहिला तक्ता डाव्या हाताला ठेवला, दुसरा उजव्या हाताला, आणि माझ्याकडे बघितलं. “हा दुसरा कुणी मागितला होता?” मी म्हटलं, कुणी नाही. “मग कशाला आणलास? आता सुनावणीत साहेब तुलाच विचारतील. नीट उत्तर दे. तुझ्या शेऱ्याचे दिवस आलेत.”

सुनावणी कर्जतच्या सरकारी बंगल्यात झाली. एका बाजूला टांगेवाले, एका बाजूला अर्जदार, बूट पुसून आलेला. साहेबांनी दोन्ही तक्ते वर धरले. एकात शून्य, एकात तीन पानं. एकाच हस्ताक्षरात, एकाच आठवड्यात.

“यातला खरा कोणता?” साहेबांनी विचारलं.

एक वाक्य पुरलं असतं. साहेब, पहिल्या वेळी मी निघालेल्या माणसांना कुठे म्हणून विचारलं आणि ती सगळी मागे फिरली. एवढंच. साहेबही मराठीच होते, त्यांच्याही घरात कुणी कुठे विचारत नसणार. ते हसले असते. सगळी खोली हसली असती. आणि मग साहेबांनी शेरा लिहिला असता की हा कारकून तीन दिवस रस्त्यावर उभा राहून लोकांना अपशकुन करत होता.

मी म्हटलं, “दोन्ही नियमाप्रमाणे घेतलेले आहेत, सर.”

साहेबांनी दोन्ही तक्ते पुन्हा एकदा चाळले आणि माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, त्यांनी मला आणखी एक संधी दिली. ती मी घेतली नाही. मग त्यांनी लिहिलं, ‘मागणी सिद्ध होत नाही. अर्ज नामंजूर,’ आणि वाचून दाखवलं. मला त्या क्षणाची लाज वाटते. तेव्हाही वाटली, आणि आता इतकी वर्षं झाली तरी तेवढीच वाटते.

अर्जदार उठला. त्याने साहेबांना सलाम केला, टाच टाचेला लावून. बाहेर पायऱ्यांवर तो माझी वाट बघत थांबला होता. मी मान खाली घालून निघून जाणार होतो, त्याने हाक मारली. मला वाटलं, आता हा मला चार शब्द सुनावणार, आणि खरं सांगतो, मला बरंच वाटलं असतं.

“साहेब,” तो म्हणाला, “आय सांगत व्हती, तुमी गाडी सोडून पुन्ना दोन दीस उन्हात बसलात. माझ्यापायी एवडं कुनी केलं नवतं. हे ठरलंच असंल वरनं. तुमी काय करनार?”

त्याने दोन्ही हातांनी माझा हात धरला. मी ‘हं’ म्हणालो.

महिन्याभरात त्याने मोटार विकली आणि मुंबईला गेला. हे मला टांगेवाल्यांच्या म्होरक्याकडून कळलं, तो कसल्याशा कामाने ऑफिसात आला होता. म्हातारीचं विचारलं तर म्हणाला, “हाय की. बसलेली असती दारात.” 

वर्षअखेरीला माझा शेरा आला. साहेबांनी लिहिलं होतं, ‘कामात काटेकोर, नियमाला धरून चालणारा.’ मी कायम झालो. आईने सगळ्या आळीत पेढे वाटले आणि पहिला माझ्या हातावर ठेवला. तो माझ्या घशाखाली उतरला नाही असं इथे लिहायला मला फार आवडलं असतं. उतरला. मी आणखी एक मागून घेतला.